जुन्या लॅपटॉपवर होमब्रिज बसवताना: आधी कुलूप, मग सामान

सांगलीला आईबाबांच्या घरी देवघराशेजारच्या कपाटावर माझा कॉलेजचा लॅपटॉप झाकण मिटून पडलेला असतो, मागे एक पिवळी लॅन केबल आणि चार्जर, बाकी काही नाही. आईला तो "दिव्यांचा डबा" म्हणून माहितीये. पहाटे पाचला गिझर तोच लावतो, संध्याकाळी अंगणातला दिवा तोच लावतो, आणि बाबा आयफोनवर होम ॲप उघडून हॉलचा पंखा कमी करतात तेव्हा मध्ये निरोप पोचवणाराही तोच. त्यावर डेबियन लिनक्स (विंडोजच्या जागी बसणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) आहे आणि डेबियनवर होमब्रिज. गेल्या दोन वर्षांत नातेवाईक आणि ऑफिसमधल्या पाचसहा जणांनी "मला पण बसवायचंय, कसं करू" विचारलं आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतेय.

ज्यांना होमब्रिज म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ॲपलने २०१४ साली होमकिट आणलं, म्हणजे आयफोनमधल्या एकाच ॲपातून घरातले दिवे, पंखे, प्लग सगळं चालवायचं. पण आपण बाजारातून आणतो त्यातले बरेचसे स्वस्तातले प्लग आणि बल्ब होमकिटची भाषा बोलतच नाहीत, प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं ॲप. होमब्रिज हा नोड जेएसवर (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारा फुकट, ओपन सोर्स प्रोग्रॅम दुभाष्याचं काम करतो, आयफोनशी होमकिटमध्ये बोलतो आणि प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) वापरून प्रत्येक कंपनीच्या वस्तूशी तिच्या भाषेत.

आता हा दुभाषा घरातल्या सगळ्यांचं बोलणं ऐकतो, हे लक्षात घ्या. त्याच्याकडे प्रत्येक वस्तूचं टोकन (पासवर्डसारखी गुप्त खूण) किंवा पासवर्ड असतो, घरात मोशन सेन्सर असेल तर घरी कोण कधी असतं हेही त्याला कळतं. त्या मशीनमध्ये जो घुसला त्याच्या हातात घराच्या किल्ल्या आल्या. हे काही उगाच घाबरवायला सांगत नाहीये. २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले ते कुठलीही हुशारी न करता, कारखान्यातून आलेली ठरलेली साठेक युजरनेम-पासवर्डची जोडी लावून बघायची, बास. आणि त्या वस्तूंचा वापर करून ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर एवढा मोठा मारा झाला की अमेरिकेत बऱ्याच मोठ्या साइट काही तास उघडेनात.

माझ्याकडेही सुरुवातीला असंच काहीतरी होता होता राहिलं. पुण्याहून सांगलीच्या लॅपटॉपवर काम करता यावं म्हणून मी राउटरवर पोर्ट २२ (पोर्ट म्हणजे मशीनचं एक दार, २२ हे एसएसएचचं, म्हणजे दुरून लॉगिन करायचं) थेट बाहेर उघडा ठेवला होता, म्हटलं दोन दिवसांचा प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडला तर "फेल्ड पासवर्ड फॉर रूट" (रूट म्हणजे लिनक्सचा सगळे अधिकार असलेला युजर) अशा ओळींच्या ओळी, दर काही सेकंदाला एक, कुठल्या कुठल्या देशातल्या पत्त्यांवरून, एकेक युजरनेम लावून बघत, रूट झालं की ॲडमिन, ॲडमिन झालं की "पाय" (रास्पबेरी पायमधला), मग टेस्ट. कुणाला माझं नाव माहीत नव्हतं, कुणी मला शोधत नव्हतं, इंटरनेटवर उघडं दिसेल ते दार हलवून बघणारे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात एवढंच. पासवर्ड बरा होता म्हणून वाचले. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे, आधी दारं बंद करायची, ती बंद आहेत हे तपासायचं आणि मगच होमब्रिज टाकायचं. खाली त्याच क्रमाने लिहितेय, म्हणून होमब्रिज बरंच उशिरा येईल, घाई करू नका.

एक सूचना. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

मशीन कुठलं घ्यायचं

रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) चालतो, मस्त चालतो. पण घरात सातआठ वर्षं जुना लॅपटॉप पडून असेल तर मी तोच घ्या म्हणेन, कारण आपल्याकडे लाइट जाते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, लाइट गेली तरी तो चालू राहतो, आणि पायमध्ये मेमरी कार्डवर लिहिणं चालू असताना करंट गेला की कार्ड खराब व्हायची शक्यता असते. पायच घ्यायचा असेल तर कार्डाऐवजी यूएसबीवरची एसएसडी लावा आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवा. राउटरही त्याच लाइनवर, नाहीतर मशीन चालू आणि वायफाय बंद असला प्रकार होतो.

लॅपटॉपची बॅटरी मात्र आधी काढून किंवा निदान खालून हात फिरवून बघा. फुगलेली असेल, टचपॅड वर आल्यासारखं वाटत असेल तर ती बॅटरी वापरायची नाही, चोवीस तास चार्जिंगवर राहणाऱ्या मशीनमध्ये फुगलेली बॅटरी म्हणजे आगीला आमंत्रण. आणि लॅपटॉप कपड्यांच्या कपाटात कोंडू नका, हवा लागेल असा ठेवा.

डेबियन टाकताना

डेबियनची सध्याची स्टेबल आवृत्ती घ्या, पायसाठी रास्पबेरी पाय ओएसची लाइट, म्हणजे डेस्कटॉप नसलेली, आवृत्ती. इन्स्टॉलर रूटचा पासवर्ड विचारतो तेव्हा ती जागा रिकामी सोडा, म्हणजे रूटने थेट लॉगिन करणं बंद राहतं आणि तुम्ही बनवलेल्या पहिल्या युजरला सुडो, म्हणजे एखाद्या कमांडपुरते रूटचे अधिकार वापरायची सोय, मिळतं. युजरनेम ॲडमिन, पाय, टेस्ट असलं काही ठेवू नका, वरच्या लॉगमध्ये काय काय लावून बघितलं जातं ते वाचलंतच. रास्पबेरी पायवाल्यांनी तर एप्रिल २०२२ पासून "पाय" हा ठरलेला युजर देणंच बंद केलंय, तुम्हालाच नाव निवडावं लागतं, फार चांगलं केलं.

पुढे सॉफ्टवेअर निवडायची यादी येते तिथे डेस्कटॉपसमोरची खूण काढा आणि फक्त एसएसएच सर्व्हर आणि स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज ठेवा. जे मशीनवर नाहीच ते कुणी फोडू शकत नाही, आणि जुन्या लॅपटॉपला तेवढाच भार कमी.

डिस्क एन्क्रिप्ट करायची का हा प्रश्न बरेच जण विचारतात. केली तर मशीन दरवेळी बूट होताना पासफ्रेज मागणार, म्हणजे लाइट जास्त वेळ गेली आणि लॅपटॉप बंद पडला की कुणीतरी कीबोर्डसमोर बसून ती टाकेपर्यंत घर आंधळं. आईबाबांच्या घरी ते शक्य नाही म्हणून मी केली नाही, त्याऐवजी त्या डिस्कवर होमब्रिजशिवाय काहीही ठेवत नाही, ना फोटो ना बँकेची कागदपत्रं. स्वतःच्या घरी बसवताय आणि चोरीची भीती जास्त वाटते तर करा.

लॅपटॉप असेल तर एक छोटं काम राहतं, झाकण मिटलं की तो झोपी जातो. सिस्टिमडीच्या लॉगइनडी डॉट कॉन्फ फाइलमध्ये हँडल-लिड-स्विच अशी ओळ आहे (मध्ये डॅश नाहीत, सलग शब्द), तिच्यापुढचा हॅश काढून किंमत इग्नोर करा आणि मशीन रीस्टार्ट करा.

मग सुडो ॲप्ट अपडेट, सुडो ॲप्ट अपग्रेड (ॲप्ट म्हणजे डेबियनवर सॉफ्टवेअर आणणारं साधन). आणि लगेच अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज टाकून घ्या, म्हणजे डेबियनचे सिक्युरिटी पॅच आपोआप बसत राहतील. सांगलीला जाऊन दर आठवड्याला अपडेट मारणं मला जमणार नाही, तुम्हालाही स्वतःच्या घरात जमणार नाही, दोन महिन्यांनी विसरायला होतंच.

एसएसएच: पासवर्ड काढून टाका

तुमच्या रोजच्या कॉम्प्युटरवर एसएसएच-कीजेन चालवा, प्रकार ईडी२५५१९ द्या, आणि पासफ्रेज विचारेल तेव्हा नुसतं एंटर मारून पुढे जाऊ नका, खरंच एक पासफ्रेज द्या. यातून दोन फाइल तयार होतात, एक खासगी किल्ली जी तुमच्याकडेच राहणार आणि एक डॉट पब शेवट असलेली सार्वजनिक. एसएसएच-कॉपी-आयडी या कमांडने सार्वजनिक किल्ली मशीनवर पाठवा, मग बाहेर पडून परत लॉगिन करून बघा. किल्लीची पासफ्रेज विचारली आणि मशीनचा पासवर्ड न मागता आत घेतलं म्हणजे जमलं.

आता पासवर्डने लॉगिन बंद करायचं. एसएसएचडी कॉन्फिगमध्ये (एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) पासवर्ड-ऑथेंटिकेशन समोर नो, परमिट-रूट-लॉगिन समोर पण नो. सेव्ह केल्यावर सुडो एसएसएचडी डॅश टी मारा, फाइलमध्ये चूक असेल तर इथेच कळते, काही न बोलता परत आला तर ठीक. मग सर्व्हिस रीस्टार्ट करा, पण, आणि हे नवीन माणसाने अगदी लिहून ठेवावं असं आहे, चालू असलेली टर्मिनलची खिडकी बंद करायची नाही. दुसरी खिडकी उघडून नव्याने लॉगिन होतंय का बघा. झालं तर पहिली बंद करा, नाही झालं तर पहिलीत बसून दुरुस्त करता येतं. पहिलीच बंद करून टाकली तर मशीनला स्क्रीन-कीबोर्ड लावायला उठावं लागतं, आणि मशीन दुसऱ्या गावात असेल तर एसटीने जावं लागतं.

राउटरमध्ये तीन कामं

राउटरच्या पानावर जा, पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा तत्सम असतो, राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. पहिलं, तिथला ॲडमिन पासवर्ड स्टिकरवरचाच असेल तर बदला. दुसरं, या मशीनला कायमचा पत्ता राखून ठेवा, त्याला डीएचसीपी रिझर्व्हेशन म्हणतात, नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलतो आणि तुम्ही शोधत बसता. तिसरं, यूपीएनपी बंद करा, कारण ते चालू असलं की घरातली कुठलीही वस्तू तुम्हाला न विचारता राउटरला सांगून बाहेरून दार उघडून घेऊ शकते. पोर्ट फॉरवर्डिंगची यादी पण उघडून बघा, तिथे काही जुनं पडलेलं असेल तर काढा. आपल्याला या सगळ्या कामात एकही पोर्ट बाहेर उघडावा लागणार नाहीये.

गेस्ट वायफायबद्दल माझं मत सांगते. ज्या वस्तू फक्त कंपनीच्या सर्व्हरशीच बोलतात त्या गेस्टवर टाका, म्हणजे त्या तुमच्या लॅपटॉप-फोनच्या आसपास फिरकणार नाहीत. ज्या घरातल्या घरात होमब्रिजशी बोलतात त्या मुख्य नेटवर्कवर. होमब्रिजचं मशीन आणि आयफोन एकाच नेटवर्कवर हवेत, कारण एकमेकांना शोधायला ते एमडीएनएस वापरतात आणि ते साधारणपणे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जात नाही. याच कारणाने काही राउटरवर एपी आयसोलेशन (वायफायवरच्या वस्तूंना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग) चालू असलं की होम ॲपात "नो रिस्पॉन्स" येत राहतं आणि माणूस होमब्रिजला दोष देत बसतो.

फायरवॉल

फायरवॉल म्हणजे मशीनच्या पोर्टांवरचा पहारेकरी, आणि यूएफडब्ल्यू हा तो लावायचा सोपा प्रोग्रॅम. सुडो ॲप्ट इन्स्टॉल यूएफडब्ल्यू. मग आत येणारं सगळं बंद, बाहेर जाणारं चालू असं ठरवायचं: यूएफडब्ल्यू डिफॉल्ट डिनाय इनकमिंग, यूएफडब्ल्यू डिफॉल्ट अलाउ आउटगोइंग. आता घरच्या नेटवर्कमधून पोर्ट २२ ला परवानगी, म्हणजे यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम, पुढे तुमच्या नेटवर्कचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४, पुढे टू एनी पोर्ट २२ प्रोटो टीसीपी. ही ओळ झाल्यावरच यूएफडब्ल्यू इनेबल करा, उलट क्रमाने केलंत तर स्वतःलाच बाहेर काढाल.

होमब्रिजचं सेटिंगचं पान पोर्ट ८५८१ वर चालतं, आणि बहुतेक ठिकाणी वाचाल की तो पोर्ट उघडा. मी उघडत नाही. एक तर ते पान साध्या एचटीटीपीवर चालतं म्हणजे पासवर्ड नेटवर्कवरून उघडाच जातो, दुसरं म्हणजे त्या पानातच टर्मिनलची खिडकी आहे, तिथे पोचलेला माणूस मशीनवर कमांड चालवू शकतो, आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, होमब्रिज नवीन बसवल्यावर ते पान पहिल्यांदा जो उघडेल त्याला म्हणतं "चला, ॲडमिन अकाउंट बनवा". तो पहिला माणूस तुम्हीच असाल याची खात्री फायरवॉल आधी लावल्यानेच मिळते.

मग पान उघडायचं कसं? एसएसएचच्या बोगद्यातून. आपल्या कॉम्प्युटरवर एसएसएच डॅश एल (एल कॅपिटल) ८५८१:लोकलहोस्ट:८५८१, पुढे नेहमीसारखं युजरनेम ॲट मशीनचा पत्ता. लॉगिन झालं की ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८५८१ उघडा, पान येतं. सगळं एसएसएचमधून एन्क्रिप्ट होऊन जातं, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते पान दिसतच नाही. पहिल्यांदा जरा लांबचा रस्ता वाटेल, दोनदा केलंत की हाताला सवय होते. घरातल्या बाकीच्यांना या पानाची गरजच नसते, त्यांना होम ॲप पुरतं.

एमडीएनएसच्या ५३५३ पोर्टची काळजी करू नका, यूएफडब्ल्यूच्या मूळ नियमांत त्याला आधीच मोकळीक आहे.

आता होमब्रिज

जुने लेख आणि व्हिडिओ बघितलेत तर तिथे सुडो लावून एनपीएमने (नोड जेएसची पॅकेजं आणणाऱ्या साधनाने) ग्लोबल इन्स्टॉल करा आणि वर अनसेफ-पर्म असा पर्याय द्या असं सांगितलेलं असतं. त्या पर्यायाच्या नावातच अनसेफ आहे, त्याचा अर्थ इन्स्टॉल होताना पॅकेजमधल्या स्क्रिप्ट रूट म्हणून चालू द्या असा. ते नका करू. होमब्रिजची स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) आहे, त्यांच्या अधिकृत पानावर डेबियन-उबंटूसाठी कमांड दिल्यात, त्याच वापरा.

कॉपी करायच्या आधी त्या वाचा मात्र. पहिली कमांड त्यांची जीपीजी किल्ली आणून कीरिंग्ज फोल्डरमध्ये ठेवते. दुसरी ॲप्टला रिपॉझिटरीचा पत्ता सांगते आणि त्यात साइन्ड-बाय म्हणून तीच किल्ली दाखवते, म्हणजे या पत्त्यावरून येणारं पॅकेज याच किल्लीने सही केलेलं असेल तरच घे. मग ॲप्ट अपडेट आणि ॲप्ट इन्स्टॉल होमब्रिज. कुठेही आणलेली स्क्रिप्ट थेट शेलमध्ये ओतणं नाही. यात नोड जेएसही सोबत येतं, वेगळं टाकावं लागत नाही, आणि होमब्रिज स्वतःच्या होमब्रिज नावाच्या युजरखाली चालतं, रूट म्हणून नाही. फाइल सगळ्या वार, लिब, होमब्रिज या रस्त्यावर.

बोगद्यातून पान उघडा, अकाउंट बनवा, लांब पासवर्ड द्या जो दुसरीकडे कुठेच वापरलेला नाही. मग युजर अकाउंटमध्ये जाऊन टू फॅक्टर (पासवर्डसोबत फोनवरच्या ॲपातला कोड) चालू करा. त्याआधी टाइम-डेट-सीटीएल मारून मशीनचं घड्याळ बरोबर आहे ना बघा, कोड वेळेवर अवलंबून असतात, आणि बहुतेक रास्पबेरी पायमध्ये स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नसतं, लाइट जाऊन आल्यावर नेट येईपर्यंत ते मागेच असतं आणि कोड चुकीचा म्हणून नाकारला जातो.

सेटिंगमध्ये इनसिक्युअर मोड म्हणून एक पर्याय दिसेल. वेब पानावरून दिवे चालू-बंद करायची सोय त्याने मिळते, पण मग ब्रिजचा (म्हणजे होमब्रिजचा) पिन, आयफोनला जोडताना लागणारा आकडा, माहीत असलेला कुठलाही प्रोग्रॅम जोडणी न करताही वस्तू चालवू शकतो. आपण होम ॲपातून चालवणार, म्हणून तो बंद ठेवा.

आयफोनला जोडताना

कॉन्फिग उघडून ब्रिजचा पोर्ट कुठला आहे ते बघा, तो आकडा यूएफडब्ल्यूमध्ये फक्त घरच्या नेटवर्कसाठी उघडा. आयफोन कधी कधी आयपीव्ही६ च्या लिंक-लोकल (फक्त घरच्या नेटवर्कपुरत्या) पत्त्यावरून येतो, म्हणून तसाच दुसरा नियम एफई८०::/१० या पत्त्यांसाठी पण करा, नाहीतर वस्तू मध्येच गायब झाल्यासारख्या वाटतात आणि कारण सापडत नाही. पुढे चाइल्ड ब्रिज (एखादं प्लगइन वेगळं चालवणारा उपब्रिज) वापरणार असाल तर त्यांनाही पोर्ट लागतात, कॉन्फिगमध्ये पोर्ट्सचा स्टार्ट आणि एंड ठरवून द्या, समजा ५२१०० ते ५२१५०, आणि तेवढीच पट्टी उघडा.

पिन बघा. कुठल्या तरी जुन्या लेखातून कॉन्फिग उचललं असेल तर त्यात ०३१-४५-१५४ हाच पिन असण्याची दाट शक्यता आहे, तो नमुन्यातला पिन आहे, सगळ्या जगाला माहीत आहे, बदला. होमकिटची जोडणी पहिल्यांदा एकाच फोनशी होते आणि घरातल्या बाकीच्यांना त्या फोनवरून आमंत्रण द्यायचं असतं. म्हणजे धोका असतो तो अजून न जोडलेल्या अवस्थेत, तेव्हा ब्रिज तयार झाला की ताबडतोब जोडून टाका, उद्या करू म्हणून ठेवू नका. जोडताना आयफोन म्हणेल की ही वस्तू प्रमाणित नाही, ते होमब्रिजच्या बाबतीत अपेक्षितच आहे, तरीही जोडा म्हणायचं. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नका.

प्लगइन, म्हणजे खरी जोखीम इथे

इथपर्यंत सगळं नीट केलं तरी प्लगइन म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आपण स्वतः दार उघडून आत घेतोय. तो होमब्रिजच्या युजरला जे जे दिसतं ते सगळं वाचू शकतो, त्यात बाकीच्या प्लगइनची टोकनही आली. चाइल्ड ब्रिज केल्याने एक प्लगइन पडलं तर बाकीचे पडत नाहीत आणि त्यासाठी तो जरूर वापरा, पण तो त्याच युजरखाली चालतो, तेव्हा त्याला सुरक्षेची भिंत समजू नका.

एनपीएमवर हे घडून गेलेलं आहे. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाचं लाखो ठिकाणी वापरलं जाणारं पॅकेज मूळ लेखकाने मदत करतो म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाकडे सोपवलं आणि त्याने त्यात बिटकॉइन चोरायचा कोड घुसवला. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग या अजून जास्त वापरातल्या पॅकेजच्या सांभाळणाऱ्याला खोटी ईमेल पाठवून त्याचं अकाउंट घेतलं गेलं, काही तासांत पकडलं, पण तेवढ्या वेळात ज्यांनी अपडेट मारलं त्यांच्याकडे ते पोचलंच.

म्हणून माझे नियम असे की पडताळणी झाल्याची व्हेरिफाइड खूण असलेलंच प्लगइन शक्यतो घ्यायचं, शेवटचा बदल कधी झालाय आणि लोकांच्या तक्रारींना उत्तरं मिळतायत का ते बघायचं, नाव एकेक अक्षर तपासायचं कारण मिळत्याजुळत्या नावाची खोटी पॅकेजं असतात. आणि प्लगइनचं अपडेट आलं त्या दिवशी मारायचं नाही, आठवडाभर थांबायचं, काय बदललंय ते वाचायचं, मग मारायचं. डेबियनचे सिक्युरिटी पॅच मात्र आपोआप आणि लगेच. दोन्हींना एकच नियम लावू नका.

घरातल्या घरात बोलणारी वस्तू आणि कंपनीच्या सर्व्हरमार्गे बोलणारी वस्तू यात निवड असेल तर पहिली घ्या, नेट बंद असलं तरी ती चालते. एमक्यूटीटी (वस्तूंनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत) वापरणार असाल तर मॉस्किटो या तिच्या सर्व्हरची २.० किंवा पुढची आवृत्ती घ्या, ती काही न सांगता फक्त त्याच मशीनपुरती ऐकते, नेटवर्कवर उघडायची तर युजरनेम-पासवर्ड ठेवूनच उघडा, "सध्या अनॉनिमस चालू करून बघू" असं करून ठेवलेलं वर्षानुवर्षं तसंच राहतं.

टोकनबद्दल एक कळकळीची विनंती. कॉन्फिग डॉट जेसन फाइलमध्ये पासवर्ड आणि टोकन साध्या अक्षरांत असतात. काही चालेना की आपण मदत मागताना पूर्ण फाइल चिकटवतो किंवा स्क्रीनचा फोटो पाठवतो, माझ्या मावसभावाने घाईत अगदी हेच केलं होतं, त्याच्या बेडरूमच्या एसीचं टोकन अडीचशे लोकांच्या ग्रुपवर. फोटो डिलीट करून भागत नाही. त्या वस्तूच्या ॲपात जाऊन पासवर्ड बदलायचा, टोकन नवीन करून घ्यायचं, मग पुढचं.

बाहेरगावाहून

घराबाहेरून होम ॲप चालायला घरात ॲपल टीव्ही किंवा होमपॉड होम हब म्हणून लागतो, तो असला की पोर्ट वगैरे काही उघडावं लागत नाही. मला मशीनवर दुरुस्तीला जायचं असतं तेव्हा मी टेलस्केल वापरते, ते वायरगार्डवर (एन्क्रिप्ट केलेल्या खासगी जोडणीच्या पद्धतीवर) बांधलेलं आहे, राउटरला हात न लावता दोन मशीन एकमेकांशी बोलतात. ज्या अकाउंटने टेलस्केलमध्ये जाता त्यावर टू फॅक्टर हवंच, कारण आता घराचं दार त्या अकाउंटला लागून आहे.

गिझर आणि भिंतीवरची बटणं

सॉफ्टवेअरचं झालं, पण टोकाला वीज आहे हे विसरू नका. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो, तीन हजारचा तेरा. दहा अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर गिझर लावू नका, सोळा अँपिअरचाच घ्या, आणि पहिल्या आठवड्यात वापरून झाल्यावर प्लगला हात लावून बघा, चटका बसण्याइतका गरम लागला तर काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. गिझर चालू करायच्या ऑटोमेशनसोबत बंद करायचं ऑटोमेशन त्याच वेळी बनवा, आमच्याकडे पाचला चालू, सव्वापाचला बंद, आणि जमल्यास प्लगच्या स्वतःच्या ॲपातही तोच टायमर, म्हणजे लॅपटॉप मध्येच बंद पडला तरी गिझर चालू राहणार नाही. दरवाज्याचं स्मार्ट कुलूप मी होमब्रिजवर आणलेलं नाही आणि नव्याने सुरू करणाऱ्याने आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि भिंतीवरचं बटण चालू राहिलं पाहिजे. आई रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा ती फोन शोधणार नाही, ती दाराशेजारी हात नेणार, गेली तीस वर्षं नेतेय तिथेच. म्हणून मी बल्ब बदलले नाहीत, बटणाच्या मागे बसणारे रिले (ॲपातूनही चालणारे छोटे स्विच) लावून घेतले, लॅपटॉप बंद असो, वायफाय बंद असो, बटण दाबलं की दिवा लागतो.

बॅकअप, आणि तो खरा आहे का

होमब्रिजच्या पानावरून बॅकअप डाउनलोड करता येतो. त्यात टोकनही आहेत आणि आयफोनशी जोडणीच्या किल्ल्याही, त्यामुळे तो ईमेलने स्वतःलाच पाठवून ठेवू नका, एन्क्रिप्ट केलेल्या पेनड्राइव्हवर किंवा तुमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये जोडून ठेवा. यातला पर्सिस्ट फोल्डर हरवला तर सगळ्या वस्तू होम ॲपात परत पहिल्यापासून जोडाव्या लागतात, खोल्या, नावं, ऑटोमेशन सगळं गेलं समजा.

सगळं बसल्यावर सुडो एसएस डॅश टीयूएलपीएन मारून मशीन कुठल्या कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते बघा आणि प्रत्येक ओळीसमोर हे काय आहे ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. जी ओळ ओळखीची नाही तिचा शोध घ्या, तोवर नवीन प्लगइन टाकू नका. महिन्यातून एकदा होमब्रिजचा लॉग वाचून काढा, पाच मिनिटं लागतात.

शेवटी एका रविवारी दुपारी, घरात सगळे जागे असताना, लॅपटॉपचा चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, राउटरही बंद करा, दहा मिनिटं तसंच ठेवा. भिंतीवरची बटणं एकेक दाबून बघा. मग राउटर लावा, लॅपटॉप लावा आणि कशालाही हात न लावता थांबा. आमच्याकडे पहिल्या वेळी दोन प्लग परत आलेच नाहीत, त्यांचे पत्ते राखून ठेवायचे राहिले होते, ते त्याच दुपारी सापडलं आणि दुरुस्त झालं. आता बाबा स्वतःच दर दिवाळीच्या आधी ही चाचणी घेतात, आकाशकंदील लावायच्या दिवशी, आणि काय काय परत आलं त्याची यादी मला फोनवर वाचून दाखवतात.